ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी: काय जमतं, काय अडतं आणि नेमकं कुठे

नोकरी सांभाळून किंवा मुलं शाळेत गेल्यावर घरबसल्या मानसशास्त्रात एम.ए. करावं, हा विचार गेली काही वर्षं बऱ्याच जणांच्या मनात असतो. भारतापुरतं त्याचं उत्तर 2025 मध्ये बदललं. जुन्या माहितीवर विसंबून चौकशी करणारे लोक इथेच फसतात, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

त्या वर्षी यूजीसीने, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाने, विद्यापीठांना कळवलं की जुलै-ऑगस्ट 2025 च्या सत्रापासून मानसशास्त्राचे नवे प्रवेश दूरस्थ किंवा ऑनलाइन पद्धतीने द्यायचे नाहीत. त्याच यादीत सूक्ष्मजीवशास्त्र, जैवतंत्रज्ञान, अन्न आणि पोषणशास्त्र, क्लिनिकल न्यूट्रिशन आणि आहारशास्त्रही होतं. बी.ए.सारख्या, अनेक विषयांतून निवड करायच्या पदव्यांमध्ये फक्त मानसशास्त्राचा पर्याय काढला गेला, बाकीचे विषय तसेच राहिले. या निर्णयामागे 2021 चा संलग्न आणि आरोग्यसेवा व्यवसायांचा कायदा आहे. त्या कायद्याच्या परिशिष्टात वर्तन-आरोग्याशी संबंधित व्यवसायांचा एक गट आहे आणि त्यात मानसशास्त्रज्ञ येतात, समुपदेशकांचे काही प्रकारही येतात. म्हणजे कायद्याच्या नजरेत मानसशास्त्र आता इतिहास-राज्यशास्त्राच्या रांगेत नाही, फिजिओथेरपीच्या रांगेत आहे. पेशंटला हात लावायला शिकवणारा विषय पोस्टाने शिकवता येत नाही, असा त्यामागचा तर्क.

बंदी नव्या प्रवेशांवर आहे. आधीच प्रवेश घेऊन निम्म्यात असलेल्यांनी घाबरून पैसे सोडून देण्याचं कारण नाही. पण जाहिराती अजून फिरतात. पोर्टलवर फोन नंबर टाकला की दहा मिनिटांत ‘ॲडमिशन कौन्सेलर’चा फोन येतो, तो ‘यूजीसी अप्रूव्हड’ म्हणतो, आणि विद्यापीठ खरोखर मान्यताप्राप्त असतंही. इथेच गोम आहे. विद्यापीठाला मान्यता असणं ही एक गोष्ट आणि तो अभ्यासक्रम, त्या सत्रात, ऑनलाइन चालवायची परवानगी असणं ही दुसरी. ही दुसरी परवानगी यूजीसीच्या डिस्टन्स एज्युकेशन ब्युरोच्या संकेतस्थळावर विद्यापीठनिहाय आणि सत्रनिहाय दिसते. तिथे अभ्यासक्रमाचं नाव शब्दशः तपासा. शिवाय 2024 पासून दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवीला प्रवेश घ्यायचा तर विद्यार्थ्याला स्वतःचा डेब आयडी (म्हणजे याच ब्युरोचा ओळख क्रमांक) काढावा लागतो आणि त्यासाठी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा क्रमांक लागतो. जो फोनवाला ‘आयडी नंतर बघू, आधी सीट बुक करा’ म्हणतो, त्याला पैसे देऊ नयेत.

कशामुळे अडतं ते समजून घ्या

पदव्युत्तर मानसशास्त्रात ढोबळमानाने चार प्रकारचं काम असतं: सिद्धांताचे पेपर, संशोधनपद्धती आणि संख्याशास्त्र, प्रात्यक्षिक, आणि शेवटी इंटर्नशिप आणि प्रकल्प. इग्नूचा एम.ए. मानसशास्त्र हा अभ्यासक्रम उदाहरणाला घेऊ, कारण कुठल्याही शाखेच्या पदवीधराला त्यात प्रवेश मिळत होता आणि मराठी मुलुखातल्याही कितीतरी जणांनी तो केला. तो 64 श्रेयांकांचा, म्हणजे क्रेडिटचा. पहिल्या वर्षी बोधात्मक मानसशास्त्र, आयुर्मानातला विकास, व्यक्तिमत्त्व, सामाजिक मानसशास्त्र, संशोधनपद्धती, संख्याशास्त्र आणि एक प्रात्यक्षिक. दुसऱ्या वर्षी क्लिनिकल, समुपदेशन किंवा औद्योगिक यांपैकी एक गट, त्यासोबत इंटर्नशिप आणि प्रकल्प.

पहिले दोन प्रकार घरी बसून उत्तम होतात. किंबहुना संख्याशास्त्र व्हिडिओवर शिकणंच बरं, कारण तीच पायरी पाच वेळा मागे नेऊन पाहता येते. वर्गात पाचव्यांदा विचारायची सोय नसते. अडतं ते प्रात्यक्षिकाशी.

भाटिया बॅटरी या बुद्धिचाचणीचं उदाहरण घ्या. यात पाच उपचाचण्या आहेत: ठोकळ्यांची नक्षी, पास-अलाँग, आकृती काढणं, तात्काळ स्मृती आणि चित्रजुळणी. व्हिडिओ पाहून क्रम कळतो, ठोकळे कसे मांडायचे तेही कळतं. पण चाचणी देणारं मूल मध्येच तुमच्या चेहऱ्याकडे बघतं, तुम्ही नकळत मान हलवता आणि त्याला उत्तराचा सुगावा लागतो. स्टॉपवॉच सूचना संपल्यावर सुरू करायचं की मुलाने पहिला ठोकळा उचलल्यावर, यात गोंधळ होतो. कुठे थांबायचं हा नियम विसरला जातो, मग ‘अजून एक बघू’ म्हणत चाचणी लांबते आणि थकलेल्या मुलाचा पुढच्या भागातला गुणांक पडतो. या चुका करणाऱ्याला स्वतःला दिसत नाहीत. शेजारी बसलेल्या अनुभवी माणसालाच दिसतात, आणि ऑनलाइन शिक्षणात शेजारी कुणीच नसतं.

दुसरी चूक अर्थ लावण्यातली. नागपूरच्या मालिन यांनी मुलांसाठीच्या वेक्सलर बुद्धिचाचणीचं जे भारतीय रूप केलं, ते 1960 च्या दशकातलं आहे आणि अजूनही बऱ्याच ठिकाणी वापरलं जातं. पिढ्यांमागून पिढ्या बुद्धिचाचण्यांतले सरासरी गुण वाढत जातात, हे अनेक देशांत दिसलं आहे. त्यामुळे जुन्या मानकांशी आजच्या मुलाची तुलना केली तर त्याचा बुद्ध्यंक फुगून येण्याची शक्यता असते. दिव्यांगत्वाच्या दाखल्याचा प्रश्न असेल तर हे पाच-सात गुण फार महाग पडतात: ज्याला मदत हवी ते मूल कागदावर ‘ठीक’ ठरतं. पुस्तिकेत बघून आकडा काढणं कुणालाही येईल. त्या आकड्यावर किती भरवसा ठेवायचा हे ठरवणं, हेच या शिक्षणातलं खरं कौशल्य.

डिग्री झाली, पाटी लावता येते का?

नाही, निदान ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’ ही पाटी नाही. लोकांचा सगळ्यात मोठा गैरसमज इथे होतो, आणि तो ऑनलाइनवाल्यांचाच नाही, नियमित एम.ए. केलेल्यांचाही होतो. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट म्हणून काम करायला भारतीय पुनर्वास परिषदेची, म्हणजे आरसीआयची, नोंदणी लागते. 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यातली व्याख्याही तेच सांगते: आरसीआय-मान्य संस्थेतली क्लिनिकल सायकॉलॉजीची पात्रता, किंवा एम.ए. झाल्यावर दोन वर्षांचं पूर्णवेळ, देखरेखीखालच्या प्रशिक्षणासह केलेलं एम.फिल. इतर विषयांतलं एम.फिल. बंद झालं तेव्हा क्लिनिकल सायकॉलॉजीच्या एम.फिल.ला यूजीसीने 2025-26 पर्यंत मुदत वाढवून दिली होती. त्याची जागा घ्यायला आरसीआयच्या मान्यतेचं पूर्णवेळ एम.ए. क्लिनिकल सायकॉलॉजी आणि डॉक्टरेट पातळीवरचं सायडी हे अभ्यासक्रम आहेत. यातलं काहीही घरबसल्या होत नाही.

साध्या एम.ए.वर शाळेत, स्वयंसेवी संस्थेत, कंपनीच्या एचआर विभागात किंवा संशोधन प्रकल्पात काम मिळतं. पूर्वी मान्यताप्राप्त दूरस्थ पद्धतीने घेतलेली पदवी कायद्याने नियमित पदवीच्या बरोबरीची आहे. ती घेऊन नेटला, म्हणजे प्राध्यापकपदासाठीच्या पात्रता परीक्षेला, बसता येतं: खुल्या प्रवर्गाला एम.ए.ला 55 टक्के, राखीव प्रवर्गांना 50. मात्र पीएच.डी. दूरस्थ किंवा ऑनलाइन करायला यूजीसीचे 2022 चे नियम स्पष्ट मनाई करतात. ‘ऑनलाइन पीएच.डी. इन सायकॉलॉजी’ अशी भारतीय विद्यापीठाची जाहिरात दिसली तर फोन करण्याचेही कष्ट घेऊ नका. तीन महिन्यांच्या ‘सर्टिफाइड थेरपिस्ट’ प्रमाणपत्रांचंही तसंच. त्यातून थोडीफार माहिती मिळते, परवाना मिळत नाही.

मग 2025 नंतर ज्याला हा विषय शिकायचाच आहे, त्याने काय करायचं? व्यवसाय करायचा असेल तर नियमित कॉलेज, दुसरा मार्ग नाही. तो निर्णय पुढे ढकलून ऑनलाइन काहीतरी करण्यात दोन वर्षं घालवू नयेत. ज्ञान हवं असेल, किंवा नियमित प्रवेशाच्या तयारीसाठी पाया पक्का करायचा असेल, तर स्वयम् आणि एनपीटेल या सरकारी ऑनलाइन मंचांवर आयआयटींच्या प्राध्यापकांचे मानसशास्त्राचे अभ्यासक्रम फुकट आहेत. एनपीटेलच्या प्रमाणपत्रात साधारण 25 टक्के वजन साप्ताहिक असाइनमेंटला आणि 75 टक्के केंद्रावर जाऊन दिलेल्या परीक्षेला असतं. पैसे लागतात ते फक्त त्या परीक्षेचे. तुमच्या विद्यापीठाने परवानगी दिली तर नियमित पदवीतले काही श्रेयांक, एका सत्रातल्या अभ्यासक्रमांच्या 40 टक्क्यांपर्यंत, स्वयम् वरून मिळवता येतात. ही सोय फार थोडे लोक वापरतात.

अमेरिकेत, ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी

परदेशातल्या मराठी वाचकांचं गणित निराळं आहे. नवरा किंवा बायको नोकरीच्या व्हिसावर, दुसरा जोडीदार एच-4 या अवलंबितांच्या व्हिसावर घरी, अशा घरांतून हा प्रश्न हमखास येतो. एच-4 वर शिकायला परवानगी आहे. ऑनलाइन पदव्युत्तर अभ्यासक्रमही तिथे खरोखर परवान्यापर्यंत पोचवतात, पण योग्य तो निवडला तरच.

अमेरिकेत ‘सायकॉलॉजिस्ट’ हा परवाना जवळपास सगळीकडे डॉक्टरेटवर मिळतो. अमेरिकन सायकॉलॉजिकल असोसिएशन पूर्णपणे ऑनलाइन क्लिनिकल डॉक्टरेटला मान्यता देत नाही. त्यामुळे ऑनलाइन करायचं तर वाट ‘कौन्सेलिंग’ची. त्यातही ‘एम.ए. सायकॉलॉजी’ नव्हे, तर ‘क्लिनिकल मेंटल हेल्थ कौन्सेलिंग’ या नावाचा, केक्रेप या संस्थेची मान्यता असलेला अभ्यासक्रम. नुसतं ऑनलाइन एम.ए. सायकॉलॉजी स्वस्त असतं, लवकर होतं, आणि परवान्याच्या दारात उभं करून परत पाठवतं. केक्रेपच्या निकषात 60 सेमिस्टर-क्रेडिट, त्यात 100 तासांचं प्रॅक्टिकम, म्हणजे देखरेखीखालचा सराव, ज्यातले किमान 40 तास प्रत्यक्ष माणसांसोबत, आणि नंतर 600 तासांची इंटर्नशिप, तिथे किमान 240 तास प्रत्यक्ष. पदवी झाल्यावरही देखरेखीखालचे तास असतात: कॅलिफोर्निया आणि टेक्सास, दोन्हीकडे 3000.

हे 700 तास लॅपटॉपवरच्या लेक्चरचे नाहीत, कुठल्यातरी क्लिनिकमधले आहेत. ते क्लिनिक कोण शोधणार? बरीच ऑनलाइन विद्यापीठं हे काम विद्यार्थ्यावर टाकतात. मग दुसऱ्या वर्षी विद्यार्थी पन्नास ठिकाणी ईमेल पाठवतो, उत्तर येत नाही, सत्र वाया जातं आणि त्याची फी मात्र लागतेच. प्रवेशाआधी तीन गोष्टी लेखी विचारा: माझ्या घरापासून गाडीने तासाभराच्या अंतरात तुमचे विद्यार्थी आजवर कुठे-कुठे इंटर्नशिपला गेले, जागा न मिळाल्यास सत्राची फी लागते का, आणि माझ्या राज्याच्या परवाना मंडळाच्या अटी हा अभ्यासक्रम पुऱ्या करतो का. शेवटच्या प्रश्नाचं उत्तर विद्यापीठाच्या संकेतस्थळावर राज्यवार यादीत असतं, आणि त्यात ‘ठरवलेलं नाही’ असा एक रकाना असतो. तुमचं राज्य त्या रकान्यात असेल तर दुसरा अभ्यासक्रम बघा. एच-4 वर असाल तर आणखी एक: पगारी इंटर्नशिपला काम करण्याची परवानगी लागते, म्हणून हे वकिलाला आधी विचारा, जागा मिळाल्यावर नव्हे.

ब्रिटनमध्ये ऑनलाइन ‘कन्व्हर्जन’ एम.एससी. हा प्रकार प्रतिष्ठित आहे. दुसऱ्या विषयाचा पदवीधर तो करतो आणि ब्रिटिश सायकॉलॉजिकल सोसायटीची मान्यता असेल तर त्याला पुढच्या प्रशिक्षणासाठी लागणारी पात्रता मिळते, जिला थोडक्यात जीबीसी म्हणतात. पण ती सुरुवात आहे. ‘क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट’, ‘कौन्सेलिंग सायकॉलॉजिस्ट’ अशी नऊ नावं तिथे कायद्याने राखलेली आहेत आणि ती एचसीपीसी या आरोग्यव्यवसायांच्या नियामक संस्थेच्या नोंदणीशिवाय वापरता येत नाहीत. नुसता ‘सायकॉलॉजिस्ट’ हा शब्द मात्र राखलेला नाही, ही तिथली विचित्र गंमत. ऑस्ट्रेलियातही पायाभूत टप्पा ऑनलाइन करता येतो, पुढचं प्रशिक्षण समोरासमोर.

परदेशी पदवी घेऊन भारतात परतायचा विचार असेल तर इथली समकक्षता, म्हणजे ती इथल्या पदवीच्या बरोबरीची मानली जाणं, आपोआप मिळत नाही, आणि आरसीआयची नोंदणी हा त्याहून वेगळा प्रश्न आहे. परतायचं नक्की असेल तर पैसे भरण्याआधीच समकक्षतेबद्दल आणि नोंदणीबद्दल, दोन्हीकडे लेखी विचारणा करावी.

अभ्यास प्रत्यक्षात कुठे गडबडतो

आधी वेळेचा हिशेब. भारतीय दूरस्थ पद्धतीत एक श्रेयांक म्हणजे साधारण 30 तास. 64 श्रेयांकांचे 1920 तास. दोन वर्षांत पसरले तर आठवड्याला सुमारे साडेअठरा. ‘रोज रात्री तासभर’ यात हे बसत नाही, हे बहुतेकांच्या लक्षात पहिल्या परीक्षेच्या पंधरा दिवस आधी येतं. नोकरी असेल तर तीन वर्षांचा बेत करणं शहाणपणाचं.

संख्याशास्त्राला घाबरून ते शेवटी ठेवणं ही दुसरी चूक. ते पहिल्या सत्रात उरका, कारण बाकीच्या पेपरांत येणारं प्रत्येक संशोधन त्याशिवाय नुसती पाठांतराची ओळ राहतं. एसपीएसएस हे संख्याशास्त्राचं महागडं सॉफ्टवेअर विकत घ्यायची गरज नाही. जामोवी आणि जॅस्प ही दोन्ही सॉफ्टवेअर फुकट आहेत आणि एम.ए.च्या पातळीला पुरून उरतात.

प्रकल्पाचं सांगायचं तर, ऑनलाइन विद्यार्थ्याचा नेहमीचा मार्ग असा: गुगल फॉर्म, दोन-तीन प्रश्नावल्या, लिंक व्हॉट्सॲप ग्रुपवर, चार दिवसांत 60 उत्तरं, विश्लेषण. यात जवळपास प्रत्येक पायरीला खड्डा आहे.

नमुना किती मोठा हवा हे आधी ठरतं, उत्तरं थांबली म्हणून नाही. दोन गटांच्या सरासरीत मध्यम आकाराचा फरक, म्हणजे प्रमाणित मोजमापात 0.5, शोधायचा असेल, 5 टक्के सार्थकता (फरक नसताना तो दिसण्याचा धोका) आणि 80 टक्के शक्ती (असलेला फरक सापडण्याची शक्यता) धरली, तर प्रत्येक गटात 64 माणसं लागतात, एकूण 128. दोन गोष्टींतला 0.3 चा सहसंबंध पकडायला साधारण 84. जी-पॉवर या मोफत सॉफ्टवेअरमध्ये हे दोन मिनिटांत निघतं, आणि तो आकडा प्रकल्पाच्या आराखड्यात लिहिला तर तोंडी परीक्षेतला निम्मा मारा आधीच चुकतो. 60 जणांवर ‘फरक आढळला नाही’ असं लिहिणाऱ्याने बहुधा फरक शोधायला पुरेशी माणसंच घेतलेली नसतात.

ग्रुपवर फिरवलेली लिंक तुमच्यासारख्याच माणसांकडे पोचते: त्याच कॉलेजचे, त्याच सोसायटीतले, बहुतेक स्मार्टफोनवर सफाईने इंग्रजी वाचणारे. निष्कर्षात ‘महाराष्ट्रातील तरुण’ असं लिहिण्याआधी हा मुद्दा मर्यादांच्या भागात प्रामाणिकपणे मांडा.

प्रश्नावलीचे हक्क हा तिसरा खड्डा. बेकची नैराश्य प्रश्नावली विकत घ्यावी लागते. तिची इंटरनेटवर सापडलेली प्रत वापरणं हा हक्कभंग आहे. पीएचक्यू-9 ही नैराश्याचीच नऊ प्रश्नांची प्रश्नावली मोफत आहे आणि तिचं मराठी रूपही आहे. स्वतः मराठी भाषांतर करायचं तर एकाने मराठीत, मूळ न पाहिलेल्या दुसऱ्याने परत इंग्रजीत, मग दोन्ही ताडून पाहणं, एवढं तरी करायलाच हवं. गुगल ट्रान्सलेटची मराठी टाकली की ‘आय फील ब्लू’चं (म्हणजे ‘उदास वाटतं’चं) काय होतं, ते करून पाहा.

उलटे गुण द्यायचे प्रश्न विसरणं, ही तर हमखास चूक. रोझेनबर्गच्या आत्मसन्मान मापनात 10 विधानं, त्यातली 5 उलटी. ती उलटवली नाहीत की क्रॉनबॅक अल्फा, म्हणजे प्रश्न एकमेकांशी किती जुळतात ते सांगणारा आकडा, जो सर्वसाधारणपणे 0.70 च्या वर हवा, कोसळतो, कधी कधी उणे येतो. अल्फा उणे दिसला तर सगळ्यात आधी इथे बघायचं.

आणि जे सापडेल ते सगळ्याशी ताडून पाहण्याचा मोह. वय, लिंग, उत्पन्न, स्क्रीनटाइम असं करत 5 टक्क्यांच्या पातळीवर 20 स्वतंत्र कसोट्या लावल्या, तर प्रत्यक्षात काहीही संबंध नसताना निदान एक ‘सार्थ’ निघण्याची शक्यता 64 टक्के असते. म्हणून गृहीतकं आधी लिहून मार्गदर्शकाची सही घ्यावी.

या सगळ्याहून गंभीर गोष्ट पीएचक्यू-9 च्या नवव्या प्रश्नात आहे. तो स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरणाच्या विचारांबद्दल विचारतो. निनावी फॉर्ममध्ये कुणी ‘जवळपास रोज’ असं उत्तर दिलं, तर ती व्यक्ती कोण हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळलं तरी तुम्ही विद्यार्थी आहात, थेरपिस्ट नाही. एम.ए.च्या ऑनलाइन प्रकल्पात म्हणूनच तो प्रश्न वगळलेली पीएचक्यू-8 वापरावी, ती त्यासाठी प्रमाणित आहे. शिवाय फॉर्मच्या शेवटी टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा क्रमांक सगळ्यांना दिसेल असा ठेवावा. नुसत्या जास्त गुणांच्या लोकांना नव्हे. 18 वर्षांखालच्यांना घ्यायचं असेल तर पालकांची संमती हवी, आणि ती व्हॉट्सॲपच्या लिंकवर नीट मिळत नाही, तेव्हा तो वयोगट टाळलेला बरा.

इंटर्नशिपच्या नोंदींचं शेवटी एक. वही पहिल्या दिवसापासून ठेवा: तारीख, तास, कामाचं स्वरूप, प्रत्यक्ष की निरीक्षण, देखरेख करणाऱ्याचं नाव, पद आणि नोंदणी क्रमांक. सही दर आठवड्याला घ्या. दोन वर्षांनी सही मागायला जाल तेव्हा त्या मॅडमनी नोकरी बदललेली असते आणि नव्या माणसाला तुम्ही माहीत नसता. त्यासोबत प्रत्येक विषयाचा त्या वर्षीचा अभ्यासक्रम पीडीएफ करून जपून ठेवा. परदेशातली परवाना मंडळं पाच-सात वर्षांनीही तो मागतात, आणि तोपर्यंत विद्यापीठाने संकेतस्थळ बदललेलं असतं.